ईए स्पोर्ट्स एफसी २५ : मुंबई सिटी अस्सल, मिलान मात्र नक्कल

ईए स्पोर्ट्स एफसी २५ या फुटबॉलच्या व्हिडिओ गेमची वापरलेली डिस्क मी नागपूरच्या सीताबर्डीतल्या एका दुकानातून अठराशे रुपयांना घेतली. ‘सगळ्या टीम ओरिजिनल आहेत’, असे दुकानदाराने छातीठोकपणे सांगितले होते, आणि वेष्टनावरचा इंग्लंडचा फुटबॉलपटू ज्यूड बेलिंगहॅम याचा फोटो पाहून त्याच्यावर अविश्वास दाखवण्याचे मलाही काही कारण दिसले नाही. घरी आल्यावर बारा वर्षांच्या भाच्याने प्लेस्टेशनमध्ये डिस्क घातली, मामाचा आवडता संघ कोणता हे त्याला पक्के ठाऊक असल्याने थेट इटलीची लीग उघडली, आणि यादी दोनदा खालीवर करून म्हणाला, ‘मामा, तुझं मिलान तं यात नाहीच. हे मिलानो एफसी कोणतं आहे?’

मी जवळ जाऊन पाहिले. राफाएल लेआओ होता, क्रिस्टियन पुलिसिच होता, गोलरक्षक माइक मेन्याँही होता, आणि तिघेही आपापल्या नावाने उभे होते. मात्र त्यांच्या छातीवरचे चिन्ह मी आयुष्यात कधी पाहिले नव्हते. त्याच यादीत मिलान शहरातल्याच इंटर या दुसऱ्या क्लबचे नाव लोम्बार्डिया एफसी झाले होते, लाझिओचे लॅटियम आणि अटलांटाचे बर्गामो काल्चो. तेवढ्यात भाच्याने इंडियन सुपर लीग उघडली. तिथे मुंबई सिटी स्वतःच्या नावाने, स्वतःच्या चिन्हासह आणि आकाशी रंगाच्या शर्टात हजर होती. ‘म्हणजे मुंबई सिटी ओरिजिनल अन् मिलान डुप्लिकेट!’ असा निर्वाळा देऊन त्याने सामना सुरू केला.

या खेळाची जी परीक्षणे माझ्या वाचनात आली, त्यांत संघांच्या परवान्यांचा विषय शेवटच्या दोन-तीन ओळींत उरकलेला असतो आणि पासिंग, ड्रिब्लिंग, ग्राफिक्स यांना पानभर जागा मिळते. मी हा क्रम मुद्दाम उलटा करणार आहे. चेंडूला लाथ मारण्याचा आनंद कोणत्याही संघाकडून खेळताना सारखाच मिळत असता, तर दरवर्षी नव्या नावाने निघणारा हा खेळ दरवर्षी विकत घेण्याची कोणाला गरजच पडली नसती. ग्राहक पैसे मोजतो ते बऱ्याच अंशी नावांचे, आणि त्यामुळे कोणती नावे मिळाली आणि कोणती मिळाली नाहीत, हा या उत्पादनाच्या गुणवत्तेचाच प्रश्न आहे.

मैदानावरचा खेळ चांगला आहे, हे आधीच मान्य करतो. एफसी आयक्यू या नव्या व्यवस्थेमुळे प्रत्येक खेळाडूला जागेबरोबर भूमिकाही नेमून देता येते, त्यामुळे आपण नियंत्रित करत नसलेले दहा जण पूर्वीसारखे नुसते ताटकळत उभे राहत नाहीत. पाच विरुद्ध पाच असा ‘रश’ नावाचा छोटा प्रकार या आवृत्तीत आला आहे. घरी पाहुणे आलेले असताना तो विशेष उपयोगी पडतो. महिला संघाचे व्यवस्थापक म्हणून करिअर मोड (एकच संघ अनेक हंगाम सांभाळण्याचा प्रकार) खेळण्याची सोयही प्रथमच झाली आहे. बचाव करताना बटणे दाबण्याची घाई केली की हमखास गोल बसतो, हा जुना अनुभव याही वेळी येतो. पण तो दोष खेळाचा की माझ्या अंगठ्याचा, याविषयी घरात दोन मते आहेत.

आता परवान्यांकडे वळतो. ‘लायसन्स’ हा शब्द आपण एकवचनी वापरतो, पण फुटबॉलच्या खेळात तो एक कागद नसून कागदांची चळत असते. क्लबचे नाव, चिन्ह आणि शर्ट यांचा हक्क क्लबकडे असतो. लीगचे नाव, करंडक आणि प्रक्षेपणातली सजावट लीगकडे असते. खेळाडूंची नावे आणि चेहरे वापरण्यासाठी फिफप्रो या त्यांच्या जागतिक संघटनेशी एकत्रित करार करता येतो. स्टेडियमचा हक्क पुन्हा स्वतंत्र असतो. त्यामुळे क्लबशी करार तुटला तरी खेळाडू खेळात राहू शकतात, आणि लेआओ परक्या चिन्हाखाली स्वतःच्याच नावाने धावताना दिसतो तो याचमुळे. त्याच न्यायाने मिलानचे घरचे मैदान असलेले सान सिरो स्टेडियमही या आवृत्तीतून गेले आहे. याच्या उलट प्रकार बार्सिलोनाच्या बाबतीत घडला होता. ईएची प्रतिस्पर्धी कंपनी कोनामी हिने काम्प नोऊ स्टेडियमचे हक्क स्वतःकडे घेतल्यावर ईएच्या फिफा १७ पासून पुढे (या खेळमालिकेचे नाव तेव्हा ‘फिफा’ होते) बार्सिलोनाचा संघ सहीसलामत राहिला, पण त्याचे घरचे मैदान नाहीसे झाले.

नावांचा हा व्यवहार किती काटेकोर असतो, याचा प्रत्यय देणारी दोन उदाहरणे आहेत. जर्मनीचा गोलरक्षक ऑलिव्हर कान याने २००२ च्या विश्वचषकावरील ईएच्या खेळात आपले नाव आणि रूप परवानगीविना वापरल्याची तक्रार केली, आणि २००३ मध्ये हॅम्बुर्गच्या न्यायालयाने त्याच्या बाजूने निकाल दिला. ब्राझीलमध्ये तर सगळ्या खेळाडूंच्या वतीने एकत्र करार करणे अवघड होऊन बसल्याने फिफा १५ मधून तिथले क्लबच वगळावे लागले. पुढच्या वर्षी क्लब परतले, पण त्यांत खेळणारी माणसे काल्पनिक नावांची होती. मिलानमध्ये माणसे खरी आणि झेंडा खोटा. ब्राझीलमध्ये झेंडा खरा आणि माणसे खोटी. दोहोंपैकी काय अधिक खुपते, हे ज्याने त्याने ठरवावे. मला झेंडा खुपतो. खेळाडू तीन-चार वर्षांत क्लब बदलतात. मिलान १८९९ पासून तिथेच आहे.

माझ्या पिढीच्या नागपूरकरांना खोट्या नावांचे तसे नावीन्य नाही. आम्ही धरमपेठेतल्या एका गेम पार्लरमध्ये तासाला वीस रुपये देऊन प्लेस्टेशन २ वर कोनामीचा प्रो इव्होल्यूशन सॉकर ६ खेळत असू, ज्याला सगळे जण ‘विनिंग इलेव्हन’ म्हणत. २००६ च्या त्या आवृत्तीत इंग्लंडमधले मँचेस्टर युनायटेड आणि आर्सेनल तेवढे अधिकृत होते. चेल्सीला ‘लंडन एफसी’ आणि लिव्हरपूलला ‘मर्सीसाइड रेड’ म्हणावे लागे. जर्मनीतून फक्त बायर्न म्युनिक आले होते. पार्लरच्या मालकाने वहीच्या पानावर निळ्या बॉलपेनने खरी आणि खोटी नावे समोरासमोर लिहून ते पान टीव्हीच्या कडेला चिकटपट्टीने लावले होते. घामट हातांनी त्याचे कोपरे काळे पडले होते आणि ‘मर्सीसाइड’ या शब्दाचे स्पेलिंग तिथे तीनदा खोडलेले होते. मिलान मात्र त्या खेळात पूर्णपणे खरे होते. काका, पिर्लो, सीडॉर्फ, इंझागी आणि वयाला न जुमानणारा माल्दिनी, सगळे लाल-काळ्या पट्ट्यांत. मे २००७ मध्ये अथेन्सला चॅम्पियन्स लीग या युरोपातल्या क्लबांच्या स्पर्धेच्या अंतिम सामन्यात इंझागीच्या दोन गोलांनी लिव्हरपूल २-१ असे हरले, तो सामना आपल्याकडे मध्यरात्रीनंतर सव्वाबाराला सुरू झाला होता. कूलरसमोर बसून मी तो पाहिला आणि दुसऱ्या दिवशी पार्लरमध्ये जाऊन तोच सामना ‘मर्सीसाइड रेड’विरुद्ध पुन्हा जिंकला.

तेव्हा खोटी नावे ही कोनामीची अडचण होती आणि ईए ही खऱ्या नावांची पेढी मानली जात असे. आता पारडे थोडे फिरले आहे. संपूर्ण लीग विकत घेणे परवडत नसेल तर निवडक मोठे क्लब स्वतःकडे राखून ठेवायचे, असे धोरण कोनामीने स्वीकारले. २०१९ मध्ये युव्हेंटसशी असा खास करार झाला आणि फिफा २० मध्ये युव्हेंटसचे ‘पिएमोंते काल्चो’ झाले. गंमत अशी की फिफा १८ आणि फिफा १९ या लागोपाठच्या दोन आवृत्त्यांची जाहिरात ज्या क्रिस्टियानो रोनाल्डोच्या चेहऱ्यावर झाली, तोच रोनाल्डो त्यानंतर ईएच्या खेळात एका काल्पनिक क्लबकडून खेळू लागला. युव्हेंटस फिफा २३ मध्ये परतले. त्यानंतर मिलान आणि इंटर यांचा क्रम लागला, आणि एफसी २५ मधली ही ‘मिलानो’ आणि ‘लोम्बार्डिया’ मंडळी त्याचेच फळ आहे. खेळाचे स्वतःचे नावही या व्यवहारातून सुटले नाही. १९९३ पासून चालत आलेले ‘फिफा’ हे नाव वापरण्याचा करार पुढे चालवायचा नाही, असे २०२२ मध्ये ठरले. फिफा २३ ही त्या नावाची शेवटची आवृत्ती ठरली आणि २०२३ च्या सप्टेंबरात ‘एफसी’ हे नाव आले. मूळ नावाची मालक असलेल्या फिफा या फुटबॉलच्या जागतिक संघटनेने पुढे २०२४ मध्ये आपल्या ई-स्पोर्ट्स विश्वचषकासाठी हातमिळवणी केली ती नेमकी कोनामीशी. एफसी २५ मध्ये विश्वचषक नाही, तो शोधत बसू नये.

एवढे सगळे वाचून हा खेळ नावांच्या बाबतीत दरिद्री आहे असा समज झाला असेल, तर तो चुकीचा ठरेल. कंपनीच्या सांगण्याप्रमाणे यात एकोणीस हजारांहून अधिक खेळाडू, सातशेहून अधिक संघ आणि तीसहून अधिक लीग आहेत, आणि जिथे परवाना आहे तिथे त्याचा वापर अतिशय जीव लावून केलेला आहे. प्रीमियर लीगचा सामना सुरू होताना गुणफलकाची मांडणी, शर्टाच्या बाहीवरचे चिन्ह आणि आकड्यांचा विशिष्ट ठसा इतका हुबेहूब असतो, की दिवाणखान्यातून जाणारे माझे वडील थबकून ‘आज मॅच आहे का?’ असे दोनदा विचारून गेले. स्पेनच्या लीगचे तर ईए मुख्य प्रायोजक आहे, आणि २०२३-२४ पासून त्या लीगच्या नावातच कंपनीचे नाव जोडलेले आहे. चॅम्पियन्स लीगचे हक्क २००८ ते २०१८ या काळात कोनामीकडे होते; ते फिफा १९ पासून ईएकडे आले. त्या स्पर्धेच्या सामन्याआधी संघ रांगेत उभे राहतात आणि ते गीत वाजू लागते, तेव्हा सामना नागपुरातल्या एका फ्लॅटच्या बाहेरच्या खोलीत चालू आहे याचा क्षणभर विसर पडतो. डेरेक रे आणि स्टुअर्ट रॉबसन यांचे समालोचन त्यात भर घालते.

भारतीय वाचकाला इंडियन सुपर लीगविषयी उत्सुकता असणार. ही लीग फिफा २२ मध्ये या मालिकेत आली. क्लबांची चिन्हे आणि शर्ट नीट आहेत, लालियानझुआला छांगटेसारखे खेळाडू त्यांच्या नावाने आहेत, आणि त्याचा वेग इथेही प्रतिस्पर्ध्याला सतावतो. परंतु बहुतेक चेहरे साच्यातून काढल्यासारखे आहेत आणि आपल्याकडचे एकही खरे स्टेडियम यात नाही. अंधेरीत होणारे मुंबई सिटीचे सामने इथे कुठल्याशा अनामिक युरोपीय मैदानावर होतात. म्हणजे कागदोपत्री परवाना पूर्ण, पण मेहनत अर्धी. मराठी माणसाच्या दृष्टीने आणखी एक उणीव आहे, तिचा दोष मात्र खेळाकडे जात नाही. एफसी पुणे सिटी २०१९ मध्ये बंद झाल्यापासून सुपर लीगमध्ये महाराष्ट्राच्या वाट्याला एकटे मुंबई सिटीच उरले आहे. ज्या शहराने धंतोलीच्या यशवंत स्टेडियमवर आणि शेजारच्या कामठीच्या रब्बानी क्लबमध्ये पिढ्यान्पिढ्या फुटबॉल जोपासला, त्या नागपूरचे नाव या सातशे संघांत कुठेही सापडत नाही.

भाच्याने यावर स्वतःचा तोडगा काढला. करिअर मोडमध्ये नवा क्लब उभारून तो एखाद्या अस्तित्वात असलेल्या क्लबच्या जागी बसवण्याची सोय आहे. नाव, चिन्ह, शर्ट, मैदान आणि कट्टर प्रतिस्पर्धी हे सारे आपण निवडायचे. त्याने ‘नागपूर’ नावाचा संघ इंग्लंडच्या चौथ्या श्रेणीत उतरवला, त्याला संत्र्याच्या रंगाचा शर्ट दिला आणि प्रतिस्पर्धी निवडण्यात पाऊण तास घालवला. चिन्हे तयार नमुन्यांमधूनच घ्यावी लागतात. बाहेरचे चित्र आणून बसवता येत नसल्याने संत्रे काही शर्टावर लागले नाही. शेवटी सूर्यासारखे दिसणारे काहीतरी निवडून आम्ही त्यालाच संत्रे मानले. समालोचक संघाला यादीतल्या एखाद्या टोपणनावानेच हाक मारतात. तरीही सांगतो, या खेळातले माझे सर्वांत रमणीय तास या संघाने दिले आहेत. मग प्रश्न असा पडतो, की पूर्णपणे बनावट नागपूरवर जीव जडतो, तर अर्धवट बनावट मिलानवर का जडू नये? मला वाटते, नागपूर आम्ही स्वतः रचलेले आहे आणि ते खोटे असल्याचे आम्हाला पहिल्यापासून ठाऊक होते. मिलान मात्र खरे म्हणून पैसे घेऊन खोटे हाती ठेवले गेले.

माझा आक्षेप नेमका इथेच आहे. परवाना मिळाला नाही तर कोणतीही कंपनी पर्यायी नाव देणार, त्यावाचून तिला गत्यंतर नाही, आणि एखाद्या क्लबने आपले नाव दुसऱ्याला विकले तर त्यात गैर काहीच नाही. पण अस्सल संघांची संख्या जितक्या ठळकपणे जाहिरातीत मिरवली जाते, तितक्या ठळकपणे नसलेल्या संघांची चार नावे वेष्टनाच्या मागच्या बाजूला छापायला काय हरकत आहे? बिस्किटाच्या पुड्यावरसुद्धा आत काय आहे ते लिहिलेले असते. दुकानदाराला मी नंतर विचारले, तेव्हा तोही प्रामाणिकपणे चकित झाला. त्याने इटलीची लीग कधी उघडलीच नव्हती.

अल्टिमेट टीमविषयी थोडेच लिहितो, कारण मी तो प्रकार दोन आठवड्यांत सोडला. खेळाडूंची आभासी कार्डे असलेली पाकिटे उघडत आपला संघ जमवायचा, आणि पाकिटे हवी तर खेळून मिळवायची किंवा खरे पैसे देऊन घ्यायची, असे त्याचे स्वरूप आहे. पाकिटात काय निघेल ते आधी कळत नाही. बेल्जियममध्ये याकडे जुगार म्हणून पाहिले गेल्याने जानेवारी २०१९ पासून तिथे पाकिटे घेण्यासाठी लागणाऱ्या आभासी चलनाची विक्री कंपनीला थांबवावी लागली. आपल्याकडे ती चालू आहे. घरात लहान मूल असेल तर कार्डाचा तपशील कन्सोलमध्ये साठवून ठेवू नये, एवढेच सुचवतो.

ज्यांना मिलान किंवा इंटर खऱ्या नावानेच हवे आहे, त्यांच्यासाठी कोनामीचा ई-फुटबॉल आहे. तो फुकट आहे आणि मोबाइलवरही चालतो. सप्टेंबर २०२१ मध्ये तो इतक्या कच्च्या अवस्थेत बाजारात आला, की खेळाडूंच्या वेड्यावाकड्या चेहऱ्यांची जगभर टिंगल झाली. त्यानंतर तो पुष्कळ सुधारला आहे. भाच्याच्या फोनवर मी त्यात मिलान निवडले आणि तो लाल-काळा शर्ट पाहून बरे वाटले. पण तिथे इंग्लंडमधल्या बहुतेक क्लबांची नावे पुन्हा आडवळणाची आहेत, आणि ऋतूमागून ऋतू एक संघ घडवत नेण्याचे जे सुख कोनामीच्या जुन्या खेळांतल्या मास्टर लीग या प्रकारात होते, ते मला त्यात सापडले नाही. आठवडाभरात मी परत एफसी २५ कडे आलो.

खरेदीविषयी माझे मत असे. तुमचा संघ इंग्लंड, स्पेन किंवा जर्मनीतला असेल तर हा खेळ डोळे झाकून घ्यावा. इटलीतल्या त्या चार क्लबांपैकी एखादा तुमचा असेल आणि तुमच्याकडे बऱ्यापैकी संगणक असेल, तर पीसीची आवृत्ती घ्यावी, कारण हौशी मंडळींनी तयार केलेले मॉड (खेळात बदल करणारी भर) बसवून खरी नावे आणि शर्ट तिथे आणता येतात. ते अधिकृत नाहीत आणि ते बसवून ऑनलाइन खेळायला जाऊ नये. कन्सोलवर तो मार्ग बंद आहे. कन्सोलवाल्यांनी शक्य असेल तर डाउनलोडऐवजी डिस्क घ्यावी. एफसी २४ आला त्या सुमारास, सप्टेंबर २०२३ मध्ये, फिफा १४ ते फिफा २३ या सगळ्या आवृत्त्या ऑनलाइन दुकानांतून काढून टाकण्यात आल्या. ज्यांच्याकडे डिस्क होत्या त्यांना त्या हातोहात देताघेता आल्या, बाकीच्या नव्या गिऱ्हाइकांना दार बंद झाले. नवीन आवृत्तीची पूर्ण किंमत मोजण्यापूर्वी तिच्या परवान्यांची यादी जरूर तपासावी, कारण दोन वर्षांमागे जो क्लब अस्सल होता तो आज नसू शकतो, आणि युव्हेंटसप्रमाणे गेलेला परतही येऊ शकतो. माझ्या डिस्कचे बर्डीत आता नऊशे रुपये येतील असे तोच दुकानदार म्हणाला. ‘नागपूर’ सध्या तिसऱ्या श्रेणीत चढले असून गुणतक्त्यात सहावे आहे, त्यामुळे ती विकायला भाचा तयार नाही.